गाव न सोडता

दसरा झाला की बीड जिल्हा रिता व्हायला लागतो. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार अशा डोंगरपट्ट्यातल्या गावांत दिवाळीच्या पणत्या लावायला म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरंच उरतात. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, संसार ट्रॉलीत चढलेला असतो आणि टोळ्या सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, नाहीतर थेट कर्नाटकातल्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. ज्यांच्या हाती कोयता द्यायचा नाही असं आईबापांनी ठरवलेलं असतं, ती मुलं शिकायला किंवा भरतीच्या तयारीला संभाजीनगर, पुणे गाठतात. १७ सप्टेंबर २०२५ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहरातून पहिली रेल्वे सुटली. पिढ्यान्‌पिढ्या मागितलेली ही गाडी अहिल्यानगरकडे जाते. म्हणजे बाहेर जायची आणखी एक सोय झाली, असं खवचटपणे म्हणता येईल, आणि ते फारसं चूकही नाही.

या जाणाऱ्यांत एक जण असा असतो, ज्याच्या परतीची वाट कुणी बघत नाही. ऊसतोड्या पट्टा पडला, हंगाम संपला की परत येतो. पुण्याला शिकणारा मुलगा सणाला येतो. पण पुरुषावर जीव असलेला मुलगा, मुलीबरोबर आयुष्य काढू पाहणारी मुलगी, मुलगा म्हणून वाढवलेली पण स्वतःला बाई मानणारी व्यक्ती गावातून गेली की गेलीच. घरचे 'मुंबईला कंपनीत आहे' एवढं सांगतात आणि विषय बदलतात. आपल्याकडच्या क्वीअर चळवळीनंही ही गोष्ट बरीच वर्षं अशीच सांगितली : गाव म्हणजे कोंडी आणि शहर म्हणजे सुटका. या पुस्तकाचा विषय त्या गोष्टीच्या उलट दिशेला आहे. जे गेले नाहीत किंवा जाऊन परत आले, आणि त्यांच्यातही जे दलित, भटक्या-विमुक्त घरांतले आहेत, त्यांनी आपल्याच तालुक्यात आपल्या मागून येणाऱ्या पोरांसाठी काय उभं करायचं, हा त्याचा प्रश्न आहे.

प्रश्न नीट समजायचा तर ऊसतोडीचा हिशेब आधी समजून घ्यावा लागतो. तोडीची मजुरी माणशी ठरत नाही, कोयत्यावर ठरते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते, राहायची कोप जोडीला मिळते, टनाचा भाव जोडीच्या कामावर धरला जातो. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात आणि मुकादम त्याला नाखुशीनंच घेतो. लग्न ही इथं मनाची किंवा परंपरेचीच बाब राहत नाही, ती रोजगाराची अट होते. पोरगी वयात आली की तिचं उरकायची घाई होते, कारण तोडीवर जाताना तिला मागं एकटी ठेवण्याची भीती वाटते आणि बरोबर न्यावं तर फडावरची भीती वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) बीडमधल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के जणींचं लग्न अठरा वर्षांच्या आत झाल्याचं आढळलं. मुलीला मुलगी आवडते की नाही हे तिला स्वतःला उमगायच्या आत तिच्या गळ्यात मंगळसूत्र आणि हातात कोयता पडलेला असतो.

घरच्यांना आपल्याविषयी सांगणं हा शहरी क्वीअर लेखनातला मोठा प्रसंग असतो. आई रडते, बाप बोलत नाही, मग हळूहळू वितळतो. बीडच्या डोंगरातल्या घरात हेच बोलणं आणखी एका जागी जाऊन आदळतं : मग उचल कोण फेडणार? 'मला लग्न करायचं नाही' या वाक्याचा अर्थ घरापुरता 'आपला एक कोयता कमी झाला' असा होतो. इथं आईबाप क्रूर नसतात, कर्जात असतात. तरुणांमध्ये काम करणाऱ्यानं हे ओळखलं नाही, तर त्याची सगळी समुपदेशनं हवेत जातात.

एक कडवट गंमतही नोंदवायला हवी. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या. राज्यातला तो नीचांक होता. त्यामागच्या गर्भपातांची काळी कहाणी सगळ्यांना ठाऊक आहे. आता त्याचं फळ म्हणून गावोगाव तिशी ओलांडलेले, स्थळ न मिळालेले पुरुष पारावर बसलेले दिसतात. ज्याला लग्न करायचंच नाही असा एखादा त्यांच्यात सहज खपून जातो. 'पोरगी मिळंना' हे उत्तर त्याला फुकटात मिळालेलं असतं. मुलींना असा आडोसा नाही. ज्या टंचाईनं त्याला लपायला जागा दिली, त्याच टंचाईनं तिच्या दारात मागणीची रांग लावली.

मुंबई-पुण्यातल्या कामाचं ऋण मान्य करूनच पुढं जायला हवं. अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक १९९० मध्ये काढलं, 'हमसफर ट्रस्ट' १९९४ मध्ये उभी राहिली. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये 'समपथिक ट्रस्ट' सुरू केली आणि मुख्य म्हणजे मराठीत लिहिलं. इंग्रजी न येणाऱ्या मुलाच्या हाती स्वतःविषयीचं एखादं धड पुस्तक पडलं ते त्यांच्यामुळं. पण जिल्ह्यांपर्यंत हे काम पोचलं ते मुख्यतः एचआयव्ही नियंत्रणाच्या पैशातून. त्या पैशाला स्वतःची नजर होती. तिला दिसायची ती 'अतिजोखमीची' शरीरं : किती जणांची तपासणी झाली, किती कंडोम वाटले. त्यानं जीव वाचले, हे विसरून चालणार नाही. मात्र सोळा वर्षांच्या पोराला त्या नोंदवहीत जागा नव्हती, आणि मुलींवर प्रेम करणाऱ्या मुलींना तर कोणत्याच वयात नव्हती, कारण त्या कुणाच्या लेखी जोखीमच नव्हत्या. २०११च्या जनगणनेनं पहिल्यांदा 'इतर' असा लिंगाचा रकाना ठेवला, त्यात देशभरात सुमारे ४ लाख ८८ हजार लोक नोंदले गेले. त्यातले जवळपास दोन-तृतीयांश ग्रामीण भागातले होते. माणसं खेड्यात आणि संस्था शहरात, हा विरोध तेव्हापासून आकड्यात मांडलेला आहे.

आता या जिल्ह्याचा दुसरा वारसा बघा. मराठवाडा हा संघटन करायला शिकलेला मुलूख आहे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून १९७८ पासून १४ जानेवारी १९९४च्या नामविस्तारापर्यंत इथल्या वस्त्यांनी मार खाल्ला, घरं जळताना पाहिली, मोर्चे काढले. अंबाजोगाईत द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये 'मानवलोक' उभी केली, शैला लोहियांनी 'मनस्विनी'तून टाकलेल्या, पिडलेल्या बायकांना बळ दिलं. आणि तेलगावच्या परिसरातून अ‍ॅड. एकनाथ आव्हाड यांनी १९९० मध्ये 'मानवी हक्क अभियान' सुरू केलं. गायरान जमिनी कसणाऱ्या दलित कुटुंबांना सातबाऱ्यापर्यंत नेण्याचं त्यांचं काम ज्यांनी जवळून पाहिलं, त्यांना संघटन म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. रात्री वस्तीवर बैठक, दिवसा तहसील, आणि मार बसला की सगळ्यांनी मिळून पोलीस ठाणं गाठायचं.

त्याच्याही आधीच्या पिढीतल्या एका घटनेकडे मला वाचकाचं लक्ष वेधायचं आहे. २९ मे १९७२ ही 'दलित पँथर'च्या स्थापनेची तारीख. नाव अमेरिकेतल्या 'ब्लॅक पँथर'वरून घेतलं, हे सर्वांना माहीत आहे. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीला ओकलंडमधल्या काळ्या तरुणांचा आवेश आपला वाटला. पण त्याच ब्लॅक पँथरचा सहसंस्थापक ह्यूई न्यूटन यानं १५ ऑगस्ट १९७० रोजी, म्हणजे आपली पँथर जन्मायच्या पावणेदोन वर्षं आधी, एक भाषण केलं होतं. स्त्रियांची आणि समलैंगिकांची मुक्ती-चळवळ यांना आपण मित्र मानलं पाहिजे, त्यांच्याविषयी आपल्या मनात असलेली भीती आणि तिरस्कार आधी कबूल केला पाहिजे, असं त्यानं आपल्याच कार्यकर्त्यांना बजावलं. त्यांना उद्देशून वापरल्या जाणाऱ्या शिव्या आपल्या तोंडातून काढून टाका, असंही. आपण नाव घेतलं, डरकाळी घेतली, हे भाषण मात्र समुद्रापलीकडेच राहिलं. पँथरच्या १९७३च्या जाहीरनाम्यानं 'दलित'ची व्याख्या भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया, धर्माच्या नावानं पिळले गेलेले सगळे, इतकी मोठी केली होती. दार उघडं होतं. पण आत कोण-कोण येऊ शकतं, याचा विचार त्या दिशेनं कुणी केला नाही.

का केला नाही, याचं उत्तर मला आव्हाडांच्या आयुष्यातल्या एका प्रसंगात सापडतं. 'जग बदल घालुनी घाव' या आत्मचरित्रातला हा प्रसंग आहे. दुकडेगावच्या मांगवाड्यात जन्मलेल्या आव्हाडांचे वडील पोतराज होते. मरीआईच्या नावानं केस वाढवायचे, कमरेला रंगीत चिंध्यांचं आभरान बांधायचं, अंगावर कोरडे ओढून घ्यायचे आणि दारोदार मागायचं. मुलगा शिकला, चळवळीत गेला आणि त्यानं बापाचे केस कापले. गुलामी कापून टाकण्याची ती कृती होती, तिच्या मोठेपणाविषयी शंका घ्यायचं कारण नाही. स्वतःच्या पाठीवर वळ उठवून घेणाऱ्या माणसाला त्यातून सोडवणं हे माणुसकीचंच काम होतं.

पण त्या आभरानाकडे थोडं थांबून बघायला हवं. पोतराज, यल्लमाचा जोगता, येरमाळ्याच्या येडेश्वरीला किंवा तुळजापूरला परडी घेऊन जाणारा, साडी नेसलेला आराधी. मराठवाड्यात पुरुषानं बाईचा वेष घ्यायला देवाची परवानगी लागत होती, आणि ती मिळत होती. बहुतेक ठिकाणी ती दलित-बहुजनांच्या देवांकडून मिळत होती. यातले सगळे आजच्या अर्थानं क्वीअर होते असं म्हणणं अडाणीपणाचं होईल. कित्येकांवर तो नवसानं लादलेला जन्म होता. तरीही ज्या पोराचा आतला ओढा तिकडचाच होता, त्याला गावात उभं राहायला एक जागा तिथं होती. अपमानाची, भिकेची, पण जागा. सुधारणेच्या चळवळीनं ती मोडली आणि मोडायलाच हवी होती. तिच्या बदल्यात जो नवा माणूस घडवला तो शर्ट-पँटमधला, ताठ मानेचा, निळा झेंडा खांद्यावर घेतलेला पुरुष होता. आत्मसन्मान आणि मर्दपणा यांची गाठ तिथं पडली. ज्यांना शतकानुशतकं माणूसही मानलं नाही, त्यांनी आधी मर्द व्हायचं ठरवलं, यात न कळण्यासारखं काही नाही. पण चालण्यात, हातवाऱ्यांत बायकीपणा असलेल्या वस्तीतल्या मुलाच्या वाट्याला त्यातून दुहेरी लाज आली. गाव त्याला जातीवरून बोलतं आणि वस्ती 'बायल्या' म्हणून. जयंतीच्या मिरवणुकीत पोरं लेझीम खेळतात तेव्हा तो मागं उभा असतो.

हे वाचून कुणी रागावून विचारेल, की बाबासाहेबांच्या चळवळीत हे कुठून आणलं? त्याला १९३४ साली मुंबईच्या कोर्टात काय झालं ते सांगायला हवं. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली जात. त्यात हस्तमैथुन आणि समलैंगिकता यांविषयीही असत. त्या मजकुरावरून अश्लीलतेचा खटला झाला आणि कर्व्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. वाचक लैंगिक प्रश्न विचारतात, तर त्यावर लिहिलेलं अश्लील कसं, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. समलैंगिकतेविषयीही त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांचा आधार घेतला. ते खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण सभ्य समाजानं वाळीत टाकलेल्या विषयावर, स्वतःच्या राजकारणाला काडीचा फायदा नसताना, बाबासाहेब उभे राहिले. बीडच्या प्रत्येक समाजमंदिरात हा खटला माहीत असायला हवा. तरुणांचं काम करणाऱ्याला याहून चांगली सुरुवात सापडणार नाही, कारण ती घरातली आहे, बाहेरून आणलेली नाही.

बीड आणि लिंगओळख हे दोन शब्द एकत्र उच्चारले की महाराष्ट्राला ललित साळवे आठवतात. माजलगाव तालुक्यातल्या राजेगावचे साळवे पोलीस दलात महिला शिपाई म्हणून भरती झाले होते. २०१७ मध्ये त्यांनी लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. खात्यानं नाकारली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, तिथून प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे वळवलं गेलं आणि शेवटी मे २०१८ मध्ये सरकारनं परवानगी दिली. मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. पुढं त्यांचं लग्न झालं, २०२४ मध्ये ते बाप झाले. समलैंगिकतेला गुन्हा मानणाऱ्या कलम ३७७ वरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८चा. म्हणजे देशाचा निकाल यायच्या आधी बीडच्या एका शिपायानं आपला निकाल मिळवला होता. हे धाडस कमी लेखायचं नाही. पण या गोष्टीतून जिल्ह्यानं जो धडा घेतला तो अर्धाच आहे. 'सरकारी नोकरी होती म्हणून निभावलं' असं लोक म्हणतात, ते हेव्यानं असलं तरी खरं आहे. पगार होता, अर्ज कुणाकडे करायचा ते ठाऊक होतं, नकार आला तर वकील करता येत होता. ज्याच्या नावावर फक्त अर्धा कोयता आहे, त्यानं रजा कुणाकडे मागायची? एका माणसाच्या विजयातून दुसऱ्याला वाट मिळायची असेल तर मधे संघटना लागते.

दूरचं एक उदाहरण इथं उपयोगी पडतं, आणि पँथरच्या नावाचं ऋण असल्यामुळं ते फार परकंही नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडची राज्यं म्हणजे कापसाची, गुलामगिरीची, चर्चची भूमी. तिथला काळा समलैंगिक मुलगाही न्यूयॉर्कला पळूनच सुखी होतो, अशी समजूत होती. १९९३ मध्ये तीन काळ्या आणि तीन गोऱ्या लेस्बियन कार्यकर्त्यांनी मिळून 'सदर्नर्स ऑन न्यू ग्राउंड' ही संघटना काढली. मँडी कार्टर, पॅट हुसेन ही त्यातली नावं. त्यांचा आग्रह होता की आम्ही इथंच राहणार आणि वंश, गरिबी, लिंग हे तिन्ही प्रश्न एका ताटात घेणार. या संघटनेनं २०१७ मध्ये केलेलं एक काम मला फार शिकवणारं वाटतं. मातृदिनाच्या निमित्तानं, जामिनाचे पैसे नाहीत म्हणून तुरुंगात पडलेल्या काळ्या आयांना सोडवायची मोहीम तिनं काढली. मेरी हुक्स यांनी ती पुढं नेली. क्वीअर संघटना, पण सोडवल्या कुणाच्या आया? साऱ्या वस्तीच्या. त्यानंतर 'हे लोक आपले कोण' हा प्रश्न वस्तीला विचारावा लागला नसेल.

परतण्याचंही उदाहरण तिकडे आहे. केंटकीच्या हॉपकिन्सव्हिलमध्ये जन्मलेल्या काळ्या स्त्रीवादी लेखिका बेल हुक्स मोठमोठ्या विद्यापीठांत शिकवून २००४ मध्ये केंटकीलाच, बेरिया कॉलेजात परतल्या आणि २०२१ मध्ये तिथंच वारल्या. आपल्या मातीत परतणं म्हणजे काय यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. अ‍ॅपलाचियाच्या कोळशाच्या डोंगरांत २००८ पासून 'स्टे प्रोजेक्ट' नावाचं तरुणांचं जाळं काम करतं. खाणी बंद पडल्यावर ओस पडत चाललेल्या या मुलखात राहू इच्छिणाऱ्या तरुणांनीच ते विणलं, आणि क्वीअर मुलं त्यात बाजूला नाहीत, मध्यभागी आहेत. बीड आणि अ‍ॅपलाचिया एक नव्हे. जात म्हणजे वंश नव्हे आणि चर्च म्हणजे समाजमंदिर नव्हे. तरी दोन्हीकडे तरुणांना 'इथं काय ठेवलंय' हेच ऐकवलं जातं.

आपल्याकडेही वाटा उघडू लागल्या आहेत, आणि बघण्यासारखं हे की त्या गावातून, ग्रामपंचायतीतून उघडल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळच्या लोकांनी २०१७ मध्ये 'माऊली' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला सरपंच केलं. जळगावच्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील या ट्रान्स स्त्रीचा महिला राखीव जागेवरचा अर्ज नाकारला गेला. औरंगाबाद खंडपीठानं जानेवारी २०२१ मध्ये तो ग्राह्य धरायला लावला आणि त्या निवडून आल्या. बीडसाठीचं खंडपीठही तेच आहे. ट्रान्स कार्यकर्त्या दिशा पिंकी शेख वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या, त्यांच्यासारख्याच शमिभा पाटील यांनी २०२४ मध्ये रावेरमधून विधानसभा लढवली. आंबेडकरी राजकारणानं आता दार ओळखलं आहे असं म्हणायला हरकत नाही. उमेदवारी दिसते, वस्तीवरची बैठक मात्र अजून दिसत नाही. पडद्यावरही उशिरा का होईना, गाव आलं. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला २०२५ मध्ये सनडान्समध्ये मोठं पारितोषिक मिळालं. बापाच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला मुलगा आणि गावातच राहिलेला त्याचा मित्र यांची ती गोष्ट आहे. आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलंच ते रान. नातेवाईक 'लग्न कधी' विचारतात तेव्हाचं त्या मुलाचं गप्प बसणं बघताना मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला भाषांतराची गरज पडत नाही.

मग प्रत्यक्षात करायचं काय? ज्यांनी काम सुरू केलंय त्यांच्याशी बोलून माझं जे मत बनलं ते सांगतो.

पहिली गोष्ट कॅलेंडरची. ऑक्टोबर ते एप्रिल मोठी माणसं फडावर असतात आणि वयात येणारी पोरं आजीजवळ, नाहीतर हंगामी वसतिगृहात. २०२१ पासून संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सरकारी वसतिगृहंही निघाली. मुलांवरचे अत्याचारही याच महिन्यांत वाढतात आणि स्वतःविषयीचे प्रश्नही याच महिन्यांत डोकं वर काढतात. तेव्हा काम याच काळात, वसतिगृहाच्या अधीक्षकांना आणि आज्यांना धरून व्हायला हवं. आज्यांना कमी लेखू नये. त्यांनी आराधी पाहिलेत, पोतराज पाहिलेत. नातवाच्या चालण्यानं त्या बापाइतक्या हादरत नाहीत.

दुसरी गोष्ट निमित्ताची. गावात चार पोरं विनाकारण एका खोलीत बसू शकत नाहीत. भरतीच्या सरावाचं मैदान, अभ्यासिका, भजनी मंडळ, जयंतीची तयारी, अशा कुठल्यातरी कामाला जोडूनच बैठक होते. शहरातल्या मित्रांना हे लपणं वाटतं. मला ते गावाची रीत पाळणं वाटतं. सरकारी कागदही इथं कामाला येतो. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाच्या 'साथिया' या २०१७च्या साहित्यात समलिंगी व्यक्तीविषयी आकर्षण वाटणं स्वाभाविक असल्याचं मान्य केलेलं आहे. उपजिल्हा रुग्णालयातल्या किशोरांसाठीच्या मैत्री क्लिनिकमध्ये ते साहित्य कपाटात असेल, तर ते टेबलावर आणायला कुणाची परवानगी लागू नये.

तिसरी गोष्ट भीतीची, आणि ती खोटी नाही. मोबाइलच्या ॲपवर ओळख काढून, निर्जन जागी बोलावून, व्हिडिओ काढून पैसे उकळणाऱ्या टोळ्या सगळीकडे आहेत. पोलिसांत जावं तर नाव गावभर होतं. त्यात मुलगा दलित आणि दुसरा वरच्या जातीचा असेल, तर सापडल्यावर मार एकालाच बसतो, आणि तो जातीचा की 'तसल्या' चाळ्यांचा हे वेगळं काढता येत नाही. २०२३ पासून आरक्षणाच्या वादात जिल्ह्यातलं वातावरण जसं तापलं आहे, त्यात अशी एखादी घटना कुठल्या कुठं जाईल सांगता येत नाही. ॲट्रॉसिटीची फिर्याद लिहून घ्यायला लावणारे जुने कार्यकर्ते या मुलांना हवे आहेत. तो अनुभव कुठल्याही शहरी संस्थेकडे नाही.

आणि कागदांची लढाई आहेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या नालसा निकालानं ट्रान्स व्यक्तींना मागास मानून आरक्षण द्यायला सांगितलं. पण ते इतर मागासांच्या खान्यात बसवलं, तर अनुसूचित जातीतल्या ट्रान्स माणसाला जात सोडावी लागते किंवा लिंग सोडावं लागतं. म्हणून प्रत्येक प्रवर्गाच्या आतच जागा राखणाऱ्या आडव्या आरक्षणाची मागणी आहे. कर्नाटकानं २०२१ मध्ये ते एक टक्का दिलं. ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९च्या कायद्यानं ओळखपत्राचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवलं आहे. डोंगरातल्या माणसाला बीडला जाऊन यायला एक दिवसाची मजुरी जाते, हे अर्ज भरून देणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

पुढच्या पानांत एक वाद वाचकाला दिसेल आणि तो मिटवायचा प्रयत्न मी केलेला नाही. काही जणांचं म्हणणं, दलित क्वीअर तरुणांनी स्वतःची वेगळी संघटना काढावी; जुन्या चळवळीत गेलो तर तिथंही कोपऱ्यातच बसावं लागतं. दुसऱ्यांचं म्हणणं, जिल्ह्यात आधीच उभ्या असलेल्या संघटनांमध्ये, ऊसतोड कामगारांच्या, गायरानाच्या, महिलांच्या कामात शिरावं आणि आतून बदल करावा. माझा कल दुसरीकडे आहे. उचल, रेशन, सातबारा, मारहाण यांपासून तोडून या मुलांचा प्रश्न सुटत नाही. आणि दक्षिणेतल्या त्या बायकांनी साऱ्या वस्तीच्या आया सोडवून जी जागा कमावली, ती वेगळ्या दालनात बसून कमावता आली नसती. पण माझ्यासारख्याला हे म्हणायला सोपं आहे. ज्या शिबिरात रात्री पोरं एकमेकांच्या बायकीपणाची नक्कल करून हसतात आणि व्यवस्थापक त्यात सामील होतो, त्या शिबिरात जा असं कुणाला सांगायचा अधिकार मला नाही. जुन्या संघटनांनी आधी आपली शिबिरं सुधारावीत. तोवर वेगळी बैठक चालू राहील, आणि तिथं कुणाला बोलवायचं हे तिथली मुलं ठरवतील.